सांबर-भेकर पाहण्यासाठी हलकी दुर्बीण कशी निवडावी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पश्चिम पट्ट्यात, पाटण, जावळी, शिराळा या तालुक्यांतल्या गावांमध्ये, ठासणीच्या बंदुका आणि रात्रीच्या मचाणांच्या गोष्टी सांगणारी माणसे आजही भेटतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी सांबर, भेकर, चितळ यांची शिकार बंद केली आणि ते योग्यच झाले. अभयारण्यात तर लेखी परवानगीशिवाय कोणतेही शस्त्र घेऊन पाऊल टाकण्यासही हा कायदा मनाई करतो. मात्र वारा ओळखणे, पाणवठ्याकडे जाणारी वाट हेरणे, ओल्या मातीतल्या खुरावरून जनावर किती वेळापूर्वी गेले हे सांगणे, ही त्या पिढीची विद्या टाकून देण्यासारखी मुळीच नाही. ही विद्या आज दुर्बीण घेऊन रानात जाणाऱ्याच्या कामाची आहे. ती दुर्बीण नीट निवडली नाही, तर समोर उभे असलेले सांबरसुद्धा झाडोऱ्यात हरवते. म्हणून हा लेख केवळ मृगकुळातील प्राणी पाहण्यासाठी लागणाऱ्या दुर्बिणीविषयी आहे. पक्षिनिरीक्षणाला किंवा आकाशदर्शनाला लागणाऱ्या दुर्बिणीचे हिशेब थोडे वेगळे असतात.

आधी प्राणी आणि त्याची वेळ

दुकानात जाण्यापूर्वी आपण काय पाहणार, कुठे पाहणार आणि कोणत्या प्रकाशात पाहणार, या तीन प्रश्नांची उत्तरे निश्चित करावीत. सांबर हे मुख्यतः रात्री आणि संधिप्रकाशात वावरणारे जनावर आहे. पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्या वर भरतो, पण दिवसाउजेडी तो गर्द सावलीत बसून राहतो आणि त्याचा मातकट तपकिरी रंग सावलीत पूर्ण मिसळून जातो. भेकर त्या मानाने लहान, वीस-पंचवीस किलोंचे, एकटे फिरणारे आणि दाट झुडपांच्या कडेने चालणारे. ते बहुधा आधी ऐकू येते, कारण त्याचे भुंकणे कुत्र्यासारखे असते. चितळ कळपात राहते आणि उघड्या गवतावर येते, त्यामुळे नवशिक्याला तेच सर्वांत सोपे. पिसोरी मात्र जेमतेम तीन किलोंची असून ती खऱ्या मृगकुळातलीही नाही. कोयनेच्या रानात ती आहे, पण ती दिसणे हा योगाचा भाग आहे, त्यामुळे तिच्यासाठी वेगळी दुर्बीण घेण्याचा विचार करू नये.

जागांचे म्हणाल तर आपल्याकडे दोन अगदी भिन्न प्रकारची राने आहेत. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याजवळचे सागरेश्वर अभयारण्य हे सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे, कुंपण घातलेले आणि मुद्दाम वाढवलेले रान. वृक्षप्रेमी धों. म. मोहिते यांच्या चिकाटीमुळे ओसाड डोंगरावर ते उभे राहिले. तिथे चितळ, सांबर आणि काळवीट आहेत. रान विरळ असल्यामुळे शंभर ते तीनशे मीटरवरून प्राणी दिसतो आणि उन्हाळ्यात गवत वाळल्यावर तर डोंगरउतारावरचे कळप दूरवरून कळतात. याच्या उलट कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान. ही दोन्ही 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात एकत्र आली. तिथले रान निमसदाहरित आणि सदाहरित असल्याने भर दुपारीही खाली संध्याकाळसारखा उजेड असतो आणि प्राणी दिसला तर तो तीस-चाळीस मीटरवर, पानांच्या फटीतून, दोन-तीन सेकंद दिसतो. झोळंबीसारख्या सड्यावर मात्र मोकळा कातळ आणि गवत असल्याने दूरची नजर लागते.

या दोन्ही रानांना समान असलेली गोष्ट एकच: प्रकाश कमी असताना पाहायचे आहे आणि दुर्बीण अंगावर वागवत चालायचे आहे. निवडीचे पुढचे सगळे निर्णय या एका वाक्यातून निघतात.

आकड्यांचा अर्थ

प्रत्येक दुर्बिणीवर 8×42 किंवा 10×50 असे दोन आकडे छापलेले असतात. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते ते सांगतो, तर दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. विकणारा पहिल्या आकड्यावर बोट ठेवतो आणि घेणाराही त्यालाच भुलतो. रानात मात्र दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागून येणारा तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा असतो. 42 ला 8 ने भागले की सव्वापाच येतात. म्हणजे या दुर्बिणीच्या मागच्या भिंगातून सव्वापाच मिलिमीटर व्यासाचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन ते तीन मिलिमीटरपर्यंत आकसते आणि अंधारात तरुण माणसाची सात मिलिमीटरपर्यंत उघडते. पन्नाशीनंतर ती साधारण पाचपर्यंतच उघडते. बाहुली पाच मिलिमीटर उघडलेली असताना दुर्बीण अडीच मिलिमीटरचाच झोत देत असेल, तर चित्र काळवंडलेले दिसते, आणि याला भिंगावरचा कोणताही महागडा लेप उपाय करू शकत नाही.

सागरेश्वरला सूर्य डोंगराआड गेल्यानंतरच्या वेळी एकाच जागेवरून, एकाच सांबराच्या मादीकडे 8×25 ची खिशात मावणारी आणि 8×42 ची नेहमीची, अशा दोन दुर्बिणी आळीपाळीने लावून पाहिल्या तर फरक डोळ्यांसमोर येतो. लहान दुर्बिणीत एक गडद आकार दिसतो, त्याला कान आहेत एवढे कळते. मोठ्या दुर्बिणीत तोच कान कोणत्या दिशेला वळला आहे, मानेवरचे केस उभे आहेत की बसलेले, शेपटी वर उचललेली आहे का आणि पुढचा पाय आपटण्यासाठी उचलला आहे का, हे सगळे दिसते. शेपटी उभी आणि पाय आपटणे म्हणजे तिला आपला किंवा बिबट्याचा संशय आला आहे. पुढच्या क्षणी तिचा घंटेसारखा खणखणीत इशारा येणार. पाहण्यासारखे जे आहे ते या तपशिलात आहे आणि हा तपशील केवळ प्रकाशाच्या झोताच्या रुंदीवर मिळतो.

किती पट?

माझे मत स्पष्ट आहे: आपल्या रानांसाठी आठपट पुरेशी आहे आणि बहुतेकांनी त्यापुढे जाऊ नये. पट वाढली की वस्तूबरोबर हाताची थरथरही तेवढीच मोठी होते. दहापट दुर्बीण दम लागलेल्या माणसाच्या हातात स्थिर राहत नाही, आणि वासोट्याची चढण चढून वर आल्यावर दम तर प्रत्येकाला लागलेला असतो. शिवाय पट वाढली की एका वेळी दिसणारा पट्टा अरुंद होतो. चांगल्या आठपट दुर्बिणीत हजार मीटरवर साधारण एकशे तीस मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, तर दहापटीत तो साधारण एकशे दहावर येतो. चांदोलीच्या दाटीत भेकर एका झुडपातून दुसऱ्या झुडपात जाते, तेवढ्या क्षणात त्याला भिंगात पकडायचे असेल, तर हा रुंद पट्टाच उपयोगी पडतो.

दहापट कोणी घ्यावी? जो प्रामुख्याने सड्यांवर किंवा सागरेश्वरच्या उंच कड्यांवर बसून, कोपरे गुडघ्यावर टेकवून, निवांत पाहणार आहे त्याने ती जरूर घ्यावी, पण तीही 10×42 च असावी. बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशयाच्या काठाकाठाने जाताना पाण्यावर आलेली जनावरे पाहायची असतील, तर इंजिनाच्या हादऱ्यांमुळे दहापट जवळपास निरुपयोगी ठरते. तिथे आठही जास्तच वाटते. यात्रेत आणि मोबाईलवरच्या जाहिरातींत 'शंभरपट' असे छापलेल्या दुर्बिणी मिळतात, त्यांवरचा आकडा खरा नसतो. पट कमी-जास्त करता येणाऱ्या झूम दुर्बिणीही टाळाव्यात, कारण त्यांचा दृष्टिपट्टा अरुंद असतो आणि दोन नळ्यांचा मेळ लवकर बिघडतो. समोरच्या भिंगावर लालभडक चकाकी असलेल्या दुर्बिणी दिसायला आकर्षक वाटतात. ती चकाकी म्हणजे लाल प्रकाश परत फेकला जात असल्याची खूण आहे. सांबराचा रंग मुळात तांबूस-तपकिरी, आणि तोच रंग ही दुर्बीण गाळून टाकते.

वजन

दुर्बीण वजनाला हलकी हवी हे सर्वजण मान्य करतात, पण हलकेपणाची किंमत प्रकाशात मोजावी लागते. खिशात मावणाऱ्या 8×25 चे वजन तीनशे ते चारशे ग्रॅम असते, 8×32 चे साडेचारशे ते सहाशे, 8×42 चे सहाशे ते आठशे आणि 10×50 चे बहुधा साडेआठशेच्या पुढे. पहिल्या प्रकारात प्रकाश अपुरा पडतो आणि शेवटचा प्रकार दुसऱ्या तासाला पिशवीत जातो. आणि पिशवीत गेलेल्या दुर्बिणीतून काही दिसत नाही. त्यामुळे खरी निवड 8×32 आणि 8×42 यांच्यात उरते.

ज्यांचा बहुतेक वेळ चालण्यात जातो, ज्यांना मान किंवा खांदे दुखण्याचा त्रास आहे, किंवा जे शाळकरी मुलांसाठी दुर्बीण घेत आहेत, त्यांनी 8×32 घ्यावी. तिचा झोत चार मिलिमीटरचा असतो आणि सूर्योदयानंतर ते सूर्यास्तापर्यंत तो पुरतो. अभयारण्यात ठरलेल्या वेळेतच थांबता येते हे लक्षात घेतले, तर अगदी शेवटच्या अर्ध्या तासातच 42 चा फरक ठळक जाणवतो. तरीही एकच दुर्बीण घ्यायची असेल आणि कोयना-चांदोलीच्या सावलीत वापरायची असेल, तर 8×42 घ्यावी आणि वजनाचा प्रश्न पट्ट्याने सोडवावा. दुर्बिणीसोबत येणारा अरुंद पट्टा काढून टाकावा आणि दोन्ही खांद्यांवरून पाठीवर फुली मारून येणारा पट्टा घ्यावा. त्यामुळे भार मानेवरून खांद्यांवर जातो आणि चढताना दुर्बीण छातीवर आदळत नाही. या पट्ट्याला लागणारे पैसे दुर्बिणीवर वाढवलेल्या पैशांपेक्षा अधिक कामी येतात.

आतली रचना

दुर्बिणीच्या आत प्रतिमा सरळ करण्यासाठी काचेचे लोलक असतात आणि त्यांच्या मांडणीवरून दोन जाती पडतात. ज्यात पुढची भिंगे मागच्यांपेक्षा लांब-लांब असतात आणि नळीला खांद्यासारखी वळणे असतात, ती पोरो जातीची. सरळ नळ्यांची ती रूफ जातीची. कमी पैशांत पोरो दुर्बीण जास्त चांगले चित्र देते, कारण तिची रचना सोपी आहे. ती थोडी बोजड असते आणि बहुतेकदा पाण्यापासून पूर्ण सुरक्षित नसते. रूफ दुर्बीण सुटसुटीत आणि पावसाला टिकणारी, पण तिच्या लोलकात प्रकाशकिरण दोन वाटांनी विभागून पुन्हा एकत्र येतात. त्यांचा मेळ बसवणारा विशेष लेप लोलकावर नसेल, तर चित्राची धार बोथट होते. म्हणून रूफ घेताना माहितीपत्रकात 'फेज कोटिंग' हे शब्द आहेत का ते पाहावे. भिंगांच्या लेपाबाबत 'फुली मल्टी-कोटेड' असे लिहिलेले असावे. नुसते 'कोटेड' म्हणजे एखाद्याच पृष्ठभागाला लेप दिलेला असू शकतो.

दहा हजारांच्या आत बजेट असेल, तर निकॉनसारख्या जुन्या कंपनीची पोरो दुर्बीण डोळे मिटून चांगली. दहा ते वीस हजारांत साधारण बरी, पाणी न शिरणारी रूफ मिळते. त्याच्या पुढे, तीस हजारांच्या आसपास, रूफ जातीचे खरे गुण दिसू लागतात. झाइस, लायका, स्वारोव्स्की यांच्या वरच्या श्रेणीतल्या दुर्बिणी लाखाच्या पुढे जातात. त्या उत्तम आहेतच, पण पहिल्या दुर्बिणीसाठी तेवढा खर्च करू नये. त्या पैशांत आयुष्यभराच्या चांदोलीच्या फेऱ्या होतील.

चष्मा असलेल्यांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. डोळा मागच्या भिंगापासून किती दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसते, ते अंतर माहितीपत्रकात दिलेले असते. ते किमान पंधरा मिलिमीटर असावे. मागच्या रबरी वाट्या पिळून आत घेता येणाऱ्या असाव्यात, म्हणजे चष्मा न काढता पाहता येते. प्राणी दिसल्यावर चष्मा काढून कपाळावर सरकवण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात भेकर निघून गेलेले असते.

दुकानात पारख

शक्यतो दुर्बीण हातात घेऊनच विकत घ्यावी, आणि दुकानाच्या आतल्या दिव्यात पाहून समाधान मानू नये. ती बाहेर रस्त्यावर आणावी. साताऱ्यात असाल तर अजिंक्यताऱ्यावरचा मनोरा, सांगलीत असाल तर कृष्णेच्या पलीकडच्या काठावरची झाडे, अशी दूरची वस्तू निवडावी. आधी दुर्बीण हातभर अंतरावर उजेडाकडे धरून मागच्या भिंगातली प्रकाशाची वर्तुळे पाहावीत. ती पूर्ण गोल आणि कडेपर्यंत सारखी उजळ असली पाहिजेत. कडा राखाडी होऊन चौकोनी आकार दिसला, तर लोलकाची काच हलक्या प्रतीची आहे. मग एखादी विजेची तार आडवी दिसेल अशी धरून दोन्ही डोळ्यांनी पाहावे. तार दुहेरी दिसत असेल, किंवा अर्ध्या मिनिटात डोळ्यांवर ताण येत असेल, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. ती दुर्बीण परत द्यावी, दुकानदार 'सवय होईल' म्हणाला तरीही. उजळ आकाशापुढची काळी फांदी पाहून तिच्या कडेला जांभळी किंवा हिरवी किनार किती दिसते हे तपासावे. थोडी किनार स्वस्त दुर्बिणीत असतेच, पण चित्राच्या मधोमध ती ठळक नसावी. शेवटी नळ्या उघडमीट करून दोन चित्रांचे एकच वर्तुळ होते का ते पाहावे. लहान मुलांच्या डोळ्यांतले अंतर कमी असल्याने अनेक मोठ्या दुर्बिणी त्यांना बसत नाहीत, म्हणून मुलाला सोबत नेणे बरे.

डोळ्यांना बसवणे

बहुतेकांच्या दोन डोळ्यांची नजर अगदी सारखी नसते आणि हे न जुळवताच कित्येक जण वर्षानुवर्षे दुर्बीण वापरतात. रीत सोपी आहे. उजव्या बाजूचे समोरचे भिंग तळहाताने झाकावे, दोन्ही डोळे उघडेच ठेवावेत, आणि दूरच्या एखाद्या पाटीवर मधले चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरे स्वच्छ दिसेपर्यंत जुळवावे. मग डावे भिंग झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नेत्रभिंगाजवळची कडी फिरवून उजव्या डोळ्याला तीच अक्षरे स्वच्छ करावीत. कडीची ही जागा लक्षात ठेवावी किंवा नेलपॉलिशचा बारीक ठिपका देऊन ठेवावी. यापुढे जवळ-दूर करण्यासाठी फक्त मधले चाक.

रानात वापर

दुर्बीण लावून प्राणी शोधत फिरू नये. आधी नुसत्या डोळ्यांनी आणि कानांनी शोधावे. हालचाल दिसली की नजर त्या जागेवरून न हलवता दुर्बीण वर आणून डोळ्यांना लावावी. खाली पाहून दुर्बीण उचलली की जागा हरवते. काहीच दिसत नसेल तेव्हा मात्र झाडोऱ्याची कड डावीकडून उजवीकडे, मग एक पट्टा वर घेऊन उजवीकडून डावीकडे, अशी सावकाश पाहावी. अख्खे सांबर दिसेल ही अपेक्षा ठेवू नये. उभ्या खोडांच्या गर्दीत एखादी आडवी रेषा दिसली तर ती पाठ असू शकते. माश्या हाकलताना हलणारा कान, ओले नाक, फांदीपेक्षा जास्त गुळगुळीत वाटणारे शिंगाचे टोक, अशा तुकड्यांवरून जनावर जुळवावे लागते. जुन्या जाणत्यांची नजर याच तुकड्यांवर तयार झालेली असते, आणि गावात असे कोणी काका-आजोबा असतील तर त्यांच्या शेजारी बसून शिकावे.

हात स्थिर करण्यासाठी कोपरे बरगड्यांना टेकवावीत, बसलेले असताना गुडघ्यांवर ठेवावीत, उभे असताना झाडाला पाठ लावावी. सूर्य शक्यतो पाठीमागे असावा, म्हणजे प्राण्यावर उजेड पडतो आणि भिंगांची चमक त्याच्या डोळ्यांत जात नाही. या प्राण्यांना तांबडा रंग नीट ओळखता येत नाही, पण निळ्या छटा चांगल्या दिसतात, तेव्हा निळी जीन्स घरी ठेवून खाकी किंवा मळकट हिरवे कपडे घालावेत. त्याहून महत्त्वाचा वारा. चिमूटभर कोरडी माती सोडून पाहावी आणि वारा प्राण्याकडून आपल्याकडे येईल अशी जागा घ्यावी. नाक त्यांचे डोळ्यांपेक्षा तिखट आहे. उन्हाळ्यात साधारण दहा-अकरानंतर तापलेल्या कातळावरची हवा थरथरू लागते आणि दूरचे चित्र लाटांवर तरंगल्यासारखे दिसते. दुर्बिणीत दोष नसतो. तेव्हा सावलीतल्या जवळच्या पाणवठ्याकडे वळावे.

पावसाळा आणि निगा

कोयनेच्या खोऱ्यात राहणाऱ्याला सांगायला नको की आपल्या दुर्बिणीचा खरा शत्रू बुरशी आहे. आत नायट्रोजन भरून बंद केलेल्या दुर्बिणीत वाफ धरत नाही, म्हणून पाऊसपट्ट्यात राहणाऱ्यांनी थोडे जास्त पैसे देऊन तशीच घ्यावी. पोरो असेल तर पावसाळ्याचे चार महिने ती चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत कधीही ठेवू नये, कारण पिशवी ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, रंग बदलणाऱ्या असतील तर उत्तम, आणि दर पंधरवड्याला त्या सुकवून पुन्हा ठेवाव्यात. अधूनमधून दुर्बीण बाहेर काढून वापरावी, पण भिंगांतून सूर्याकडे चुकूनही पाहू नये.

भिंग पुसण्यापूर्वी धूळ नेहमी फुंकणीने उडवावी. शर्टाच्या टोकाने कोरडे पुसले की धुळीचे कण लेपावर ओरखडे काढतात आणि ते कायमचे राहतात. आधी फुंकणी, मग मऊ ब्रश, आणि शेवटी गरज असेल तरच भिंगाच्या द्रावणाचा एक थेंब कापडावर घेऊन मधून बाहेर हलक्या हाताने पुसावे. जुनी दुर्बीण विकत घेताना बॅटरीचा झोत समोरच्या बाजूने आत टाकून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी लागलेली आहे. ती साफ करून घेतली तरी लेप खाल्लेला असतो, आणि अशी दुर्बीण कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.